मागच्या सीटवरचं वजन

आमच्या गावात हिवाळ्यात हँडब्रेक कुणी ओढत नाही. गाडी उभी करायची, पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करायचं, वायपर काचेवरून उचलून उभे ठेवायचे आणि घरात जायचं. हँडब्रेक ओढला तर ब्रेकच्या आत शिरलेलं बर्फाचं पाणी गोठतं आणि मागची चाकं जागच्या जागी जखडून बसतात. होक्काइदोतल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. बाबांनी मला सांगितलं तेव्हा माझे पाय क्लचपर्यंत पोहोचतही नव्हते.

बाबांचं सलून होतं. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या मानेवरून त्यांचा वस्तरा फिरलेला. गाडीही ते तशीच चालवायचे. हात हलका, घाई अजिबात नाही. गाडी जुनी, गिअरची आणि मागच्या चाकांवर चालणारी. अशा गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागे. मागची बाजू हलकी, त्यामुळे बर्फाळ चढावर चाकं जागेवरच गरगर फिरतात. आता गावात सगळ्यांकडे चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. पूर्वी ज्यांच्याकडे बाबांसारखी गाडी होती ते हिवाळ्यात डिकीत वाळूच्या गोण्या टाकायचे. बाबा आईला मागे बसवायचे.

चढण आली की ते गाडी थांबवत आणि नुसतं म्हणत, "त्सुयाको." आई कुरकुरत उतरायची आणि बरोबर मागच्या चाकावर येईल अशी बसायची.

"लोकांच्या बायका पुढे बसतात. मी आपली वाळूची गोणी."

"वाळू इतकी बोलत नाही," बाबा म्हणायचे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये, चाकांना कळूही न देता, गाडी सुटायची.

आई जाऊन दोन हिवाळे झाले. या फेब्रुवारीत तिच्या स्मृतिदिनाला मी साप्पोरोहून घरी निघाले, त्याच्या आदल्या दिवशी दादाचा, कोहेईचा, फोन आला. पोस्टासमोर हिरवा दिवा लागूनही बाबा बराच वेळ थांबून राहिले होते, असं शेजारच्यांनी त्याला कळवलं होतं.

"चिगु, तू बर्फावर टायरचं रबर घासून पदवी मिळवलीस ना? मग तूच बघून ये," तो म्हणाला. "नीट चालवत असतील तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नसतील तर गाडी विकायची आणि त्यांना इकडे माझ्याकडे आणायचं."

"इकडे येऊन ते काय करतील, दादा?"

"तिकडे काय करतात?"

तिकडे ते त्यांच्या घरात राहतात, असं मी म्हणाले नाही. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला आहे. बस तिथवर येत नाही. गाडी गेली की घरही गेलं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मी अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला केला, तेव्हा गाडीचे वायपर खाली होते, काचेला घट्ट चिकटलेले. मी ते कोमट पाण्याने सोडवत असताना बाबा दारात आले.

"काल आभाळ स्वच्छ होतं," ते म्हणाले.

मी उपसलेला बर्फ गुडघ्याएवढा होता आणि तो कालचाच होता. पण वायपर कुणीही विसरू शकतं. मीसुद्धा विसरले असते. मी परीक्षक म्हणून आले होते आणि मला निकाल आधीच ठरवून हवा होता. प्रयोग असा करायचा नसतो, हे मला चांगलं माहीत आहे.

बाबांनी काळा कोट घातला होता. आईला आवडणारं कोबी आणि हेरिंग माशाचं लोणचं त्यांनी डब्यात भरून घेतलं होतं. मी फुलं घेतली आणि पुढे बसले.

आणि बाबांनी गाडी इतकी सुंदर चालवली की माझे खांदे सैल पडले. सुटताना पहिला गिअर नाहीच, थेट दुसरा. क्लच इतका हळू सोडला की गाडी केव्हा हलली ते मला फक्त खिडकीबाहेरच्या खांबावरून कळलं. चौकात बर्फ गाड्यांच्या चाकांनी घासून काचेसारखा झाला होता. तिथे गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली. बाबांनी स्टिअरिंग अलगद त्याच बाजूला दिलं, क्लच दाबला, चाकांना मोकळं सोडलं आणि गाडी रेषेत आली. ब्रेकला त्यांचा पाय लागलाही नाही. सगळं होईपर्यंत ते मला सांगत होते की समोरच्या बेकरीवाल्याचं डोकं फार अवघड आहे, मागे दोन भोवरे आहेत.

"बाबा, तुम्ही आता सरकलात ते कळलं का तुम्हाला?"

"तू किंचाळतेस का, ते बघत होतो. तुझी आई किंचाळायची."

पोस्टासमोर दिवा हिरवा झाला. बाबा निघाले. मी मनातल्या मनात दादाला फोन लावला.

देवळाच्या चढणीच्या पायथ्याशी बाबांनी गाडी थांबवली. आरशात पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा."

मी उतरून मागे, उजव्या चाकावर येईल अशी बसले, पट्टा लावला. सीटवर त्या जागी थोडा खळगा होता. मी आईपेक्षा हलकी आहे, त्यामुळे वरच्या वळणावर चाकं क्षणभर फिरली.

"अजून थोडी जाड हो," बाबा म्हणाले.

"मग लग्न कोण करेल माझ्याशी?"

"ज्याची गाडी मागच्या चाकांवर चालते तो."

आम्ही दोघंही हसलो. वरती पोचताच मी फुलं सांभाळत आधी उतरले, कारण पायऱ्यांवर बर्फ होता आणि बाबांच्या आधी मला तो बघायचा होता.

आईच्या अस्थी देवळातल्या अस्थिघरात आहेत. थंडीत बाहेरच्या समाध्या बर्फाखाली जातात, म्हणून बाबांनी आतली जागा घेतली होती. "तिला थंडी सोसत नाही," एवढंच कारण त्यांनी तेव्हा दिलं होतं. पुरोहितांनी सूत्रं म्हटली. बाबांनी डबा उघडून आईसमोर ठेवला आणि लोणचं जरा आंबटच झालंय म्हणून तिची माफी मागितली. नंतर पुरोहितांच्या पत्नी नात्सुए काकूंनी चहा दिला, स्टोव्हवर भाजलेले तांदळाचे मोची दिले आणि मला निघूच दिलं नाही. माझं काम काय, ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे बर्फ निसरडा असतो हे शोधायला सरकार पैसे देतं?"

"किती निसरडा, ते शोधायला, काकू. शून्याच्या जवळचा बर्फ जास्त धोक्याचा. खूप गार पडला की उलट पकड मिळते."

"मग आज बरा आहे. आज नाक गळून पडायची वेळ आलीय."

आम्ही बाहेर आलो. मी पुन्हा मागे बसले. बाबांनी इंजिन चालू केलं, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं. बाबांनी पुन्हा चालू केलं. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. मी लहानपणापासून या गाडीत बसतेय. बाबांच्या हातून इंजिन बंद पडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"चाकं गोठली," मी म्हणाले. कारण कळायला माझ्याइतकं शिकावं लागत नाही.

बाबांनी डावा हात खाली नेला. हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला होता. त्यांनी बटण दाबून तो खाली सोडला. गाडी तशीच. त्यांचा हात दांड्यावरच राहिला.

नात्सुए काकू पायऱ्यांवरून ओरडल्या, "काय झालं हो?"

"काही नाही, ब्रेक गोठलाय," मी उतरत म्हणाले.

"हँडब्रेक? अगो बाई! तोक्योचा पाहुणा आणलात की काय बरोबर?" त्या हसत हसत आत गेल्या आणि स्टोव्हवरची गरम पाण्याची किटली घेऊन आल्या.

बाबाही हसले. मग त्यांनी मान वळवून मला विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"कुणी ओढला?"

गाडीत दोघंच होतो. त्यांचा चेहरा इतका मोकळा होता, की उत्तर मलाच द्यावं लागणार हे मला कळलं.

"मी," मी म्हणाले. "उतरताना. सवयीनं... नाही, चुकून."

"तू?"

"हो."

"मागून?"

"हात लांब करून."

मग त्यांनी मला झापलं. अगदी लहानपणी झापायचे तसं, नात्सुए काकूंसमोर. "किती वेळा सांगितलंय तुला, चिगुसा! विद्यापीठात बर्फाचा अभ्यास करतेस आणि हँडब्रेक ओढतेस? तुझ्या आईनं ऐकलं तर काय म्हणेल?" मी खाली मान घालून "चुकलं" म्हणाले. त्यांच्या आवाजात शेवटी शेवटी जोर राहिला नाही.

मी मागच्या दोन्ही चाकांमागे पाणी ओतलं. वाफ उठली. काकूंनी आणलेल्या हातोडीच्या लाकडी दांड्याने मी ठोकत राहिले. एका चाकातून कटकन आवाज आला, मग दुसऱ्यातून. पाणी पुन्हा गोठायच्या आत निघायला हवं होतं. मी वळून बघितलं तर ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

बाबा मागे बसले होते. उजव्या चाकावर. काळा कोट नीट गुंडाळून, पट्टा लावून.

"बाबा?"

"उतारावरही वजन लागतं. चल, गोठेल पुन्हा."

मी गाडी बाहेर काढली. काकू हात हलवत होत्या. पहिल्याच वळणावर मी गिअर खाली आणला आणि क्लच झटकन सोडला. मागची चाकं अडखळली आणि गाडी दरीकडे सरकू लागली.

"क्लच," मागून आवाज आला. अगदी शांत. "दाब. जिकडे जायचंय तिकडे बघ. दरीकडे नको. हं. आता हळू सोड. गिऱ्हाईक झोपलंय असं समज."

गाडी रेषेत आली. मी आरशात पाहिलं, "थँक्यू" म्हणायला.

बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते डावा हात पुढच्या दोन सीटच्या मधून लांब करत होते. हँडब्रेकच्या दिशेने. पट्टा ताणला गेला. बोटं पुरती पसरली तरी दांडा पुढेच राहिला, वीतभर. त्यांनी खांदा पुढे काढून आणखी एकदा पाहिलं. मग हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझा हात त्यांच्या हातापेक्षा आखूड आहे.

आम्ही खाली आलो. पोस्टासमोर दिवा लाल होता. तो हिरवा झाला तेव्हा बाबा म्हणाले, "निघ," जणू मला दिसलंच नसेल.

घरी आल्यावर मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद केलं. फोन वाजला. पडद्यावर दादाचं नाव होतं. मी तो वाजू दिला. थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.

"दे," बाबा म्हणाले.

"मी बोलते त्याच्याशी. आज बाकी सगळं तुम्ही इतकं छान..."

"दे इकडे, चिगु. तुला खोटं बोलता येत नाही."

मी फोन मागे दिला. बाबांनी तो कानाला लावला आणि घसा साफ केला.

"कोहेई? हो, जाऊन आलो. आई बरी आहे. ऐक, ती बेकरीसमोरची गाड्यांच्या दुकानाची माणसं आहेत ना, त्यांना ये म्हणावं. नाही, चिगु काही म्हणाली नाही. मीच म्हणतोय." ते थांबले, तिकडचं ऐकत राहिले. "वाळूच्या गोण्या टाका म्हणावं डिकीत. नाहीतर चढणार नाही."

त्यांनी फोन मला परत दिला. मी उतरून वायपर उचलून उभे केले, आधी एक, मग दुसरा. मग मागचं दार उघडलं. बाबा उतरले नाहीत. ते पुन्हा पुढे वाकले होते, दोन सीटच्या मधून बघत. दांडा खाली होता.

"नाही ना ओढला?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"बघ हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.