पऱ्हाटीचा नाताळ

फैजपूरजवळच्या त्या गावात नाताळ करणारं एकच घर होतं, आणि ते ख्रिस्ती नव्हतं. सुपडूनाना दरवर्षी पंचवीस डिसेंबरला बोंडांसकट एक पऱ्हाटी, कपाशीचं अख्खं झाड, उपटून आणायचे आणि अंगणात बादलीत रोवायचे. त्यांची बायको बेबाबाई तिला इवल्याशा हिरव्या बांगड्या अडकवायची. का, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. नाना गेले, तरी मुलानं झाड आणणं सोडलं नाही. बेबाबाईला आता पोटची मुलंही ओळखू येईनात.

मुलगा हितेंद्र मात्र ठामपणे सांगायचा, "मी मिशनच्या दवाखान्यात झालो, नाताळातच. वाचेन असं कोणालाच वाटत नव्हतं. तिथं असं झाड सजवलेलं होतं. मी वाचलो, म्हणून नाना ते लावायला लागले."

त्याची धाकटी बहीण मयुरी देवपूरला दिलेली. या नाताळला ती मुद्दाम माहेरी आली. प्रमिलामावशीनं मरताना तिला वेगळंच सांगितलं होतं.

"दादा, तुझ्याआधी एक मुलगी झाली होती. त्याच दवाखान्यात, नाताळातच ती गेली. या बांगड्या तिच्यासाठी घेतलेल्या."

"खोटं आहे."

"मावशी कशाला खोटं बोलेल?"

"मग नाना का नाही बोलले? हे झाड माझं आहे, मयू. लहानपणापासून मला गावातले सगळे हेच सांगत आले." त्यानं अंगणाकडे हात केला. "ते आता तुला हिसकावून घ्यायचंय?"

"मला काही नको. त्या पोरीचं कोणी नावही घेत नाही, एवढंच."

"चल, मायलाच विचारू," तो म्हणाला.

दोघांनी आईला धरून अंगणात आणलं. बेबाबाईनं पऱ्हाटीकडे पाहिलं. मग एक बांगडी काढून ती मुठीत घट्ट धरली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"माय, कोणासाठी रडते?" हितेंद्रनं विचारलं. "माझ्यासाठी का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू कोन रे भाऊ?"

मयुरी तिच्या पायाशी बसली. "माय, तिचं नाव काय ठेवलं होतं?"

"कोनाचं?"

"मुलीचं."

बेबाबाईचे ओठ हलले. ती आठवायला बघत होती, ते दिसत होतं. कपाळावरच्या शिरा तटतटल्या. काही आलं नाही. ती पुन्हा रडू लागली, आणि आता आपण का रडतोय हेही तिला उमगत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला कोणी थांबवू शकलं नाही.

हितेंद्रनं पऱ्हाटी उपटून बांधावर फेकली. मयुरी जेवली नाही. बसस्टँडपर्यंत तो तिला सोडायला गेला, पण बस सुटायच्या आधीच माघारी फिरला.

होळीच्या आधी बेबाबाई गेली. दहाव्याला बहीणभाऊ दोन टोकांना बसले होते.

पुढच्या नाताळला हितेंद्रच्या बायकोनं विचारलं, "झाड आणायचं ना?"

"कोणाच्या नावानं आणू?" तो म्हणाला.

त्या घरात मग झाड लागलं नाही.