माईंचा दोरा आणि न विचारलेला प्रश्न

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. गरोदर बायका, त्यांच्या आया, सासवा. सगळ्यांचे डोळे माईंवर खिळलेले. माईंनी एकीच्या कमरेला सात गाठींचा दोरा बांधला, काहीतरी पुटपुटल्या आणि फर्मावलं, "आता खोक. अगदी जोरात."

ती खोकली. मग हसली, पुन्हा खोकली आणि रडतच माईंच्या पायांवर कोसळली. "थेंबही गेला नाही, माई."

"कसा जाईल? डॉक्टर गोळी देतो, माई गाठ देते. गोळी विरघळते, गाठ विरघळलेली पाहिलीय कुणी?"

कुणीच पाहिली नव्हती. टाळ्या पडल्या.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मागच्या रांगेत भावजयीशेजारी अवघडून उभ्या होत्या. भावजयीला सातवा महिना होता. कपड्यांच्या कारखान्यात ती शिवणयंत्रावर बसायची. खोकला आला, शिंक आली की लघवी सुटायची आणि सुट्टी होईपर्यंत ती जागेवरून उठायची नाही. महिन्याभरापूर्वी स्वयंपाकघराचं दार लोटून घेत तिने विचारलं होतं, "ताई, यावर काही उपाय असतो का हो?"

उपाय बाईंना ठाऊक होता. त्यांच्या बाळंतपणात नर्सने व्यायाम शिकवला होता. पण नेमकं काय आवळायचं हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. "या दिवसांत होतंच असं," म्हणत त्यांनी भाजी निवडायला घेतली. भावजयीने पुन्हा विचारलं नाही. माईंकडे जाताना मात्र "सोबत चला" म्हणाली, तेव्हा नाही म्हणायला बाईंना तोंड नव्हतं.

माईंचे नियम कडक होते. पहाटेपासून पाणी नाही. दोरा बांधण्याआधी शौचालयात जाऊन 'देह मोकळा' करायचा. घरी दिवसाला एकच पेला पाणी, नाहीतर गाठ सुटते. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण एवढ्या बायकांत उठून बोलायचं कसं? त्या मागेच राहिल्या आणि भावजयीने दोरा बांधून घेतला.

चार दिवस भावजय कोरडी होती, खूशही होती. पाचव्या दिवशी ती तापाने फणफणली. लघवीला आग, पोटात कळा.

"पाणी किती पिता?" रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भावजयीने कमरेचा दोरा दाखवला. "अहो, पाणी तोडलंत आणि जंतूंचं फावलं. कळा थांबल्या म्हणून बरं. साध्या व्यायामाने फरक पडला असता. घरात कुणाला विचारलं नाहीत?"

भावजयीने बाईंकडे पाहिलंही नाही. "नाही," ती म्हणाली. "कुणालाच नाही."

तिचं ते खोटं बाईंच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या बैठकीला बाई एकट्या गेल्या आणि सरळ पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माई, एखादीला दोरा न बांधताच खोकू द्या."

"शंकेखोरांपुढे शक्ती चालत नाही."

"शक्ती नकोच आहे. नुसतं खोकायचंय."

रांगेतली एक गरोदर बाई आपणहून खोकली. दोनदा, तीनदा. मग नवलाने म्हणाली, "काहीच नाही झालं. मला तर दोरा अजून बांधलाच नाही."

सभागृहात कुजबुज वाढली. माई दोऱ्यांची पिशवी आवरू लागल्या.

"पहाटेपासून पाणी नाही, आत्ताच मोकळ्या होऊन आलात. मूत्राशयात काही नसेल तर गळेल काय?" बाई म्हणाल्या. "घरात माझ्या भावजयीने मला उपाय विचारला होता. मला माहीत होता. लाजेपोटी मी सांगितला नाही. ती दोरा बांधून घेत होती तेव्हाही मी मागे गप्प उभी होते. आज ती रुग्णालयात आहे. म्हणून आता लाजणार नाही. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून वर ओढायचे. श्वास चालू ठेवायचा. पाच आकडे मोजून सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पाणी तोडू नका. आग झाली, ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याआधी तुमच्याकडून काय काय करून घेतलं ते आठवा."

सुनेसोबत आलेली एक म्हातारी भिंतीला धरून उठली.

"बाई, धाकटा झाला तेव्हापासून माझं असंच आहे. तो आता तीस वर्षांचा आहे. आता करून उपयोग होईल?"

"होईल, आजी."

"आजवर कुणाला विचारलंच नाही," म्हातारी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "बस गं शेजारी. दोघी मिळून करू."