दोन ट्रकांत एक दाणा

वडिवळ्यात आंबेमोहर कुणाचा, असं विचारलं तर लोक माझं, म्हणजे रतनबाईचं घर दाखवतात. सासूबाईंनी दिलेलं बियाणं मी छत्तीस वर्षं राखलंय. माझा भात शिजला की वास धरणाच्या भिंतीपर्यंत जातो, असं शेजारची जाऊ चिमाबाईसुद्धा जळून का होईना, म्हणते.

नात अपेक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत असते. ती म्हणाली, जुन्या वाणांची यादी होतेय, वास मोजून तुझं नाव लावू, किलोभर तांदूळ दे. वास मोजायला फूटपट्टी लावणार का, मी विचारलं. तर म्हणे वासाचे रेणू असतात, डोळ्याला न दिसणारे, ते यंत्र मोजतं. किती बारीक ते सांगायला तिने केस उभा चिरून त्याचे लाख भाग करायला घेतले. हे शास्त्रवाले केसांच्याच मागे का लागतात कोण जाणे. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर चिरण्याजोगं काही उरलं नाही, तांदळात सांग. मग तिने हिशोब केला. दोन ट्रक तांदळात एकच दाणा वेगळा, इतकासा वासही माणसाच्या नाकाला कळतो.

इथेच माझी पंचाईत होती. आमच्या न्हाणीमागे एक झुडूप आहे. त्याचं पान शिजत्या भातात टाकलं की आंबेमोहराचाच वास सुटतो. पहिल्यांदा टाकलं ते सोयरे जेवायला होते म्हणून, मग सवयच लागली. वीस वर्षांत पानाशिवाय भात शिजवला नाही. घमघमतं ते बियाणं की पान, हे मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून तांदळाच्या डब्यात चार पानं कातरून आठवडाभर ठेवली आणि देताना वेचून काढली. दिसतच नाही ते कोण बघणार?

पुढच्या रविवारी अपेक्षा थेट चुलीपाशी आली.

"आजी, एवढा वास जगातल्या कुठल्याच तांदळाला नसतो. काय घातलंस?"

मी आधी यंत्राला नावं ठेवली, मग पुण्याच्या हवेला. शेवटी तिला न्हाणीमागे नेलं. ती धुण्याच्या दगडावर बसून हसत सुटली. पानातला आणि तांदळातला रेणू एकच, म्हणाली. यंत्र किती ते सांगतं, कुठून आला ते विचारत नाही. आता कणगीतलं भात ती स्वतः भरून नेणार होती.

"न्हाईच निगाला वास तर?"

"तर नाव नाही लागणार, आजी."

पंधरा दिवस मी भाकरीच खाल्ली. आजारी आहेस का, असं चिमाबाईने दोनदा विचारलं.

मग अपेक्षाचा फोन आला. आकडा पहिल्याचा दहावा हिस्सा. मी फोन ठेवायला निघाले.

"अगं, पण आंबेमोहरच आहे तो, खरा. नाव लागलं तुझं."

त्या दिवशी पान न टाकता भात शिजवला. वास कमीच होता, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंच्या चुलीवर यायचा, तोच होता. कुंपणापलीकडून चिमाबाई म्हणाली, आज वास कसा न्हाई गं आला?

"आलाय की. दोन ट्रकांत एक दाणा, तेवढा," मी म्हटलं. "नाक शिकल्यालं लागतं त्याला."