कोटाचं तिसरं भोक

थोरलीच्या हाताला तोड नव्हती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. सिगारेटने जळलेली पँट असो की उंदराने कुरतडलेली शाल, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची, उभे-आडवे विणायची आणि भोक असं गडप करायची की गिऱ्हाईकच विचारायचं, "कुठे होतं हो?" रफूची ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली. "दिसलं तर ते रफू कसलं?" असं ते म्हणायचे. ते गेल्यावर दुकान तिने चालवलं, आणि त्यांच्यासारखंच चालवलं. ना पाटी, ना जाहिरात. आपलं काम बोलतं, असं तिचं ठाम मत होतं.

काम मात्र मूग गिळून बसलं होतं. दुकानाकडे हल्ली चिटपाखरू फिरकत नव्हतं. शेवटी नवऱ्याने निक्षून सांगितलं, या महिन्यात गिऱ्हाईक वाढलं नाही तर गाळा झेरॉक्सवाल्याला द्यायचा. झेरॉक्सवाला इतका उतावळा, की थोरली समोर बसलेली असताना टेप लावून भिंत मोजून गेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या कामात खोट काढून दाखव म्हणावं!" ती धाकट्या जावेपुढे कडाडली.

धाकटी चपलांच्या दुकानात विक्रीला होती. लोक काय बघतात आणि काय घेतात, हे तिला पक्कं कळायचं. "खोट नाहीच ताई, तिथंच घोडं अडलंय," ती म्हणाली. "नवी चप्पल माणूस चारचौघांत मिरवतो. पण माझ्या कोटाला भोक होतं, असं कोण सांगत सुटेल? तुमचं काम जितकं चांगलं, तितकं गिऱ्हाईक गप्प."

थोरलीला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तिला धाकटीचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

मग पाटी करायचं ठरलं. धाकटीच्या नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं. डोकंही तसंच असतं तर बरं झालं असतं. त्याने मोठ्या हौसेने रंगवलं, 'येथे न दिसणारे काम करून मिळेल.' सगळी गल्ली पोट धरून हसली. एकाने दारातून डोकावून विचारलं, "आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात, तुम्ही वेगळं काय करता?" एका आजीबाईंनी तर आवाज खाली आणून जावयावर पाळत ठेवाल का, अशी चौकशी केली. संध्याकाळच्या आत पाटी खाली उतरली.

"जे दिसतच नाही ते दाखवायचं तरी कसं?" थोरलीने विचारलं.

"भोक दाखवा," धाकटी म्हणाली. "दुसऱ्याचं भोक बघायला माणसाला फार आवडतं. एकाच कपड्याला दोन पाडा. एक तसंच ठेवा, एक बुजवा आणि लोकांना शोधायला लावा."

त्याला कापड भारी हवं होतं. दुकानात खुंटीवर सासऱ्यांचा लोकरी कोट टांगलेला होता. तो तिने आजवर फक्त झटकला होता. मन घट्ट करून तिने तो खाली घेतला, छातीवर दोन भोकं पाडली आणि धागे काढायला बाहीचं अस्तर उसवलं. कोपराशी तिचा हात थबकला. कापडाच्या आतल्या अंगाला धाग्यांची बारीक टोकं होती. तिने बाही उलटून बाहेरून पाहिली. काही नाही. खिडकीशी नेऊन पाहिली. तरी काही नाही. म्हाताऱ्याने आपल्याच कोटाला रफू केलं होतं, आणि इतक्या वर्षांत तिच्यासारखीच्या नजरेलाही ते सापडलं नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी कोट दुकानाच्या दर्शनी काचेत लागला, खाली पुठ्ठा. 'या कोटाला तीन भोकं. एक उघडं ठेवलंय. उरलेली दोन शोधा.'

दूधवाला थांबला, मग त्याच्यामागे शाळेच्या बाई थांबल्या. बघता बघता काचेवर नाकांचे ठसे उमटायला लागले. पैजा लागल्या, वाद झाले. जो हरला तो घरी जाऊन कपाट धुंडाळू लागला. कुणी जळका सदरा आणला, कुणी दाराच्या कडीत अडकून फाटलेली साडी, आणि आणताना कुणी पिशवीत लपवेना. महिना सरायच्या आतच थोरलीला मान वर करायला उसंत उरली नाही.

झेरॉक्सवाला ठरल्याप्रमाणे टेप घेऊन आला आणि तोही काचेशी वाकला. बऱ्याच वेळाने छातीवर बोट रोखून म्हणाला, "हे एक सापडलं! धागा जरा नवा वाटतो. पण तिसरं कुठंय?"

गर्दीत मागे थोरलीचा नवरा उभा होता. तिने काचेतून कोट काढला, बाहेर आली आणि बाहीचं अस्तर सगळ्यांसमोर उलटलं. "छातीवरचं माझं. हे मामंजींचं."

नवऱ्याने पुढे होऊन कोपरावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "बाबा रोज हाच घालायचे," तो म्हणाला. "कधी बोलले नाहीत."

"कुणी विचारलंच नाही त्यांना," थोरली म्हणाली. "आता विचारतील."

तो झेरॉक्सवाल्याकडे वळला. "तुम्ही दुसरा गाळा बघा." मग धाकट्या भावाला म्हणाला, "पाटी आण रे. काय लिहायचं?"

"मामंजी म्हणायचे तेच," थोरलीने सांगितलं. "आणि भावोजी, अक्षर मोठं काढा. पार रस्त्याच्या टोकावरून दिसलं पाहिजे."