माझ्या बुडाशी राखड होती

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. तशी जन्माने मी बादली नव्हे, भिंतीच्या रंगाचा डबा. वीस लिटरचा, पांढराफेक, पोटावर निळी ठळक अक्षरे. आमच्या घराण्यात रंग संपला की बादली व्हायचे असते, आणि त्यात कमीपणा मानायचा नसतो. मीही मानला नाही. माझी खंत वेगळी आहे. माझ्यामुळे एका बाईचे नाव खराब झाले आणि मला तोंड उघडता आले नाही.

गोंदियाच्या बिरसी विमानतळाजवळच्या एका गावातले बुद्धविहार रंगवायला मला आणले होते. काम संपल्यावर पेंटरने मला आतून खरवडले आणि रत्नपालभाऊंना देऊन टाकले. भाऊंनी तेव्हा नुकतेच रस्त्याकडेला गाड्या धुण्याचे वॉशिंग सेंटर काढले होते. एक बोअरवेल, एक प्रेशर पंप, वर टिनाचे छप्पर. शेजारी चहाची टपरी. गाडी धुऊन होईपर्यंत माणसे तिथे बसायची आणि सगळ्या गावाचा न्यायनिवाडा करायची.

गाड्या धुण्याचे काम कुसुमबाई करायच्या. नवरा नाही, शाळेत जाणारी एक मुलगी, रंजिता. कुसुमबाईंचा हात असा की चाकाच्या आतल्या कडेलाही चिखल राहायचा नाही. माझी तारेची कडी तुटली तेव्हा त्यांनीच जुन्या ओढणीची वेणी घालून मला नवी कडी केली. ती हाताला बोचत नसे. टपरीवरची माणसे म्हणायची, बाईच्या हातची गाडी दुरून ओळखू येते. ते ऐकून मीच फुगायचे. वाटायचे, त्या कौतुकात अर्धा वाटा माझा आहे.

तेव्हा माझ्यात हिरवा साबण पडायचा. गोंदियाहून कॅनमध्ये सुट्टा यायचा. स्वस्त, उग्र वासाचा, पण फेस असा की माझ्या काठावरून उतू जायचा. गिऱ्हाइकांना तो फेस फार आवडे. काहीजण तर फेसाने माखलेल्या गाडीचे फोटो काढत. कुसुमबाईंच्या बोटांची कातडी मात्र सोलून निघायची. त्या घरी जाऊन खोबरेल तेल लावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात माझ्यात बुडवत.

मग ईश्वरदास शेठ आपली नवी काळी गाडी घेऊन आले. विमानतळावरून पाहुण्यांना ने-आण करण्याचा त्यांचा धंदा. पाहुण्यांना गाडीत आपले तोंड दिसले पाहिजे, असे ते म्हणत. त्यांनी हिरव्या साबणाकडे बघून नाक मुरडले. रत्नपालभाऊंनी हिशेब केला आणि शेठच्या गाडीसाठी नागपूरहून शाम्पूची एक महागडी बाटली मागवली. जांभळी, जाड, फळासारख्या वासाची. तिच्यावरची बारीक अक्षरे रंजिताने आईला वाचून दाखवली. एका बादलीला दोन झाकणे, जास्त नको. कुसुमबाई दोनच घालायच्या. तिसरे कधीही नाही.

तुम्ही विचाराल, महागडा शाम्पू खरेच चांगला असतो का? मी दोन्ही पोटात घेतले आहेत, म्हणून सांगते. चांगला होता. मऊ होता, बुळबुळीत होता, स्पंज गाडीवरून घसरत जायचा, आणि कुसुमबाईंची बोटे त्याने सोलत नसत. हिरव्याने पत्र्यावरची चकाकी हळूहळू जायची, याने ती टिकायची. पण चिखल दोघांनीही सारखाच निघायचा. किमतीत जेवढे अंतर होते तेवढे कामात नव्हते. आणखी एक, महागड्याला फेस कमी. बघणाऱ्याला वाटे, नुसते पाणीच मारते आहे ही बाई.

आता माझी चूक ऐका. आमच्या बाजूला उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या तांदळाची गिरणी आहे. तिथल्या भट्टीत धानाचा कोंडा जाळतात, आणि त्याची करडी राखड वाऱ्याबरोबर सगळीकडे येऊन बसते. गाडीवर, पानांवर, चहाच्या कपात. तिच्याकडे कोणी वाईट नजरेने बघत नाही, कारण घरोघरी याच राखडीने भांडी घासतात. कुसुमबाईही पितळेचा लोटा राखडीनेच चकचकीत करायच्या. स्पंज गाडीवरून फिरला की राखड घेऊन माझ्यात यायचा. ती माझ्या बुडाशी बसायची. पुढच्या वेळी स्पंज बुडवला की पाणी ढवळायचे, राखड वर यायची आणि पुन्हा गाडीवर जायची. संध्याकाळी मला उपडे करत, पण बुडाच्या खाचेत चिकटलेली राखड तशीच राहायची. बाहेरून मी पांढरी स्वच्छ दिसत होते. आत कोणी हात घालून पाहिले नाही, आणि मलाही ती राखड कधी खुपली नाही.

दोन महिन्यांनी जानेवारीतल्या एका सकाळी ऊन तिरपे पडले आणि काळ्या गाडीच्या बोनेटवर बारीक गोल ओरखडे दिसू लागले. कोळ्याने जाळे विणावे तसे सगळीकडे. ईश्वरदास शेठ तापले. टपरीवरची चार-सहा माणसे चहा तसाच ठेवून उठून आली. शेठ म्हणाले, नाव महागड्या शाम्पूचे आणि आत टाकला तो हिरवा साबण. रत्नपालभाऊंनी बाटली आणून उजेडात धरली. ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"बाई, दोन महिने झाले. बाटली भरेल काऊन आहे?" भाऊंनी विचारले.

"दोनच झाकनं टाकाचे म्हनून लिवलं आहे जी तिच्यावर."

"फेस त कोनालेच दिसला नाई. हिरवाच टाकत होती, अन् हा इकाले वाचवून ठेवला. खरं सांग."

कुसुमबाईंनी त्या सगळ्या माणसांकडे एकदा पाहिले. त्यातला प्रत्येकजण त्यांना ओळखत होता. एकही बोलला नाही. त्यांनी हातातला स्पंज माझ्या काठावर ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या निघून गेल्या.

मी तिथेच होते, मित्रांनो. दोन हातांवर. त्या क्षणी मला कोणी तिरपे केले असते तर सगळे दिसले असते. लाथ लागून मी लवंडले असते तरी पुरे होते. त्या दिवशी मला कोणाची लाथसुद्धा लागली नाही.

पुढे रत्नपालभाऊ शेठची गाडी स्वतःच्या हाताने धुऊ लागले. दोन झाकणांच्या जागी अर्धा कप शाम्पू ओतू लागले. फेस खूप झाला आणि ओरखडे वाढतच गेले. भाऊंना ते दिसत होते. बाटली महिन्याभरात संपली, दुसरी आणली, तीही संपत आली. तरी ते कोणाला काही बोलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि स्वतःचाही.

मार्चमध्ये लोकेश नावाचा एक माणूस मोटरसायकल धुवायला आला. तो विमान चालवायला शिकवतात तिथे छोटी विमाने धुतो. भाऊ स्पंज बुडवत होते, तर त्याने थांबवले आणि माझ्यात कोपरापर्यंत हात घातला. खाचेतून मूठभर करडा चिखल काढून त्याने बोटांत चोळला.

"भाऊ, ह्याच्यानं लोटा घासतात. तुमी गाडी घासून राहिले."

भाऊंनी स्पंज खाली ठेवला. तिथेच ओल्या सिमेंटवर खाली बसले. लोकेशने त्यांना समजावले की एक बादली शाम्पूची ठेवा, दुसरी नुसत्या पाण्याची, स्पंज आधी त्या पाण्यात पिळा आणि मगच शाम्पूत बुडवा. मग शाम्पू महाग असो की स्वस्त, गाडीला ओरखडा पडणार नाही. टपरीवर तेव्हा कोणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला मोटरसायकलच्या हँडलला अडकवून कुसुमबाईंच्या घरी गेले. त्या नुकत्याच उन्हाळी धानाची निंदणी करून आल्या होत्या. भाऊंनी जयभीम घातला. त्यांनीही घातला, पण बसा म्हटले नाही. भाऊंनी माझ्या बुडाकडे बोट दाखवून सगळे सांगितले. माफी मागितली. कामावर परत या म्हणाले.

कुसुमबाईंनी माझ्यात वाकून पाहिले.  मग म्हणाल्या, "तुमी मले चार लोकांत बोलले. माफी मागाले इथं एकटे काऊन आले?"

भाऊंनी मला उगाच उचलून पुन्हा खाली ठेवले.

"ते लोकं अजून तिथंच बसून राहतात. त्यायले सांगजा. मंग मी कामाचं पाहीन."

भाऊ सांगतो म्हणाले. मला अंगणातच ठेवून गेले.

त्याला आता बरेच महिने झाले. रंजिता शाळेत त्याच रस्त्याने जाते. तिने आईला सांगितले की सेंटरवर दोन नव्या बादल्या आल्या, एक लाल आणि एक निळी. दोन बादल्यांची धुलाई अशी पाटीही लागली आहे, आणि शेठची गाडी पॉलिश होऊन पुन्हा चमकते आहे. टपरीवर मात्र भाऊंनी तोंड उघडलेले नाही. धंद्यात आपलीच चूक होती असे चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नसेल. माणूस वाईट नाही तो. पण तेवढे त्यांच्याकडून झाले नाही.

गेल्या आठवड्यात कुसुमबाई एका घरी धुण्या-भांड्यांचे काम विचारायला गेल्या होत्या. त्या घरच्या बाईने दारातूनच विचारले, तुम्ही त्याच ना, शाम्पू विकणाऱ्या? त्या परत आल्या आणि अंगणात माझ्याजवळ बसल्या. रंजिताने काय झाले विचारले तर म्हणाल्या, त्यांच्याकडे बाई आहे आधीच.

मित्रांनो, साबण कोणताही घ्या, आधी बादलीत हात घालून बुड तपासा, असे मी तुम्हाला सांगणारच होते. ते तुम्ही लक्षात ठेवालच. पण माझे खरे मागणे दुसरे आहे. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. कधी बिरसीच्या रस्त्याने गेलात, तर त्या टपरीवर एक चहा घ्या आणि तिथे बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा, की कुसुमबाईंनी शाम्पू विकला नव्हता.