खाली जाणारी वायर

चालत्या यंत्राला हात लावू नये, असं अमोस कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असे. घरी आला की मात्र त्याचं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस लागायच्या आधीच्या घाईत, त्यानं घरच्या सर्व्हरवर फाइली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. का, तर जुनी हळू चालते. कुणी तक्रार केली होती का? कुणीही नाही. मग हात शिवशिवत होते म्हणून वायरींचं जंजाळही आवरलं, प्लग इकडचे तिकडे केले आणि आंघोळ करून सिनेगॉगला गेला.

सर्व्हर होता ममादमध्ये, म्हणजे रॉकेटचा भोंगा वाजला की इस्राएलमधल्या अश्केलोनची माणसं ज्या जाड काँक्रीटच्या खोलीत पळतात तिथं. आधी त्या खोलीत आईची खाट होती. तिथून एक वायर स्वयंपाकघरातल्या छोट्या हबपर्यंत, म्हणजे वायरी जोडायच्या विजेच्या डबीपर्यंत यायची, खिडकीबाहेर पडायची आणि एक मजला उतरून धाकट्या भावाच्या, योनाच्या घरात शिरायची. दोन घरांत उरलेलं नातं म्हणाल तर एवढंच.

हिवाळ्यात रॉकेटं पडायला लागली तेव्हा योना म्हणाला होता, आईला लांब किर्यात मलाखीला नाओमीताईकडे हलवू. अमोस म्हणाला, अंथरुणाला खिळलेलं माणूस, कुठं फरफटवतोस? आई ममादमध्येच राहिली आणि तिथंच गेली. सुतकाचे सात दिवस पुरे व्हायच्या आत योना सगळ्यांदेखत बोलला, “दादा, तू आईला कोंडून मारलीस.” त्या दिवसापासून दोघे जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत पुढे जात.

सर्व्हरवर अमोसनं काढलेल्या आईच्या फिल्मी होत्या, ती हिंडतीफिरती असतानाच्या, स्वयंपाक करतानाच्या. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो पडद्यावर एकच गोष्ट बघायचा, जोडलेल्या यंत्रांत खालच्या, योनाच्या कॉम्प्युटरचं नाव आहे की नाही. असलं, म्हणजे योना आईला बघत बसलाय. अबोला आपल्या जागी, पण ते नाव दिसलं की अमोसला जेवण गोड लागायचं.

रविवारी संध्याकाळी ते नाव दिसलं नाही. सोमवारीही नाही.

बेडरूममधला त्याच्या बायकोचा, डिनाचा कॉम्प्युटर सरळ सर्व्हरला जोडलेला होता, तो व्यवस्थित चालत होता. खालचं यंत्र तेवढं सापडत नव्हतं. योनाचं विंडोज जुनंपुराणं, तेव्हा नव्या आवृत्तीला त्याचा पासवर्ड पटत नसणार, असा अमोसनं तर्क लढवला. सेटिंगं बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. नीट तपासायचं तर योनाच्या कॉम्प्युटरपुढं बसायला हवं, आणि तिथं जायचं म्हणजे त्याचं दार ठोठावायला हवं. इकडे आड, तिकडे विहीर.

“एक जिना तर उतरायचाय,” डिना दारातून म्हणाली. “जा नि विचार.”

“मी जाऊ? तो काय बोलला, विसरलीस?”

“नाही विसरले. मग, म्हणून काय जन्मभर ह्या खोलीत बसणार?”

तो बसला. खोलीची लोखंडी खिडकी बंद होती आणि सर्व्हरच्या पंख्यानं हवा गरम झाली होती. ह्या चार भिंतींत आई दिवसचे दिवस छताकडे बघत कशी पडली असेल, हा विचार त्यानं इतके महिने उंबऱ्याबाहेर ठेवला होता. आता तो आत येऊन बसला आणि उठायला तयार होईना. योनाचं खरं असेल तर? अमोसला धाप लागली, तरी तो उठला नाही.

मंगळवारी त्यानं हार मानली आणि जुनी आवृत्ती परत चढवली. तरीही खालचं नाव नाही! सॉफ्टवेअर जुनं, यंत्र जुनं, शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं ठीक. मग बदललं काय? माणूस बदलला. योनानं वायर उपटली. त्याला आता फिल्मीसुद्धा नकोत. अमोसच्या डोक्यात तिडीक गेली. उपटतोस काय, थांब, कापूनच टाकतो! पक्कड घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

खिडकीतून नारळाच्या दुधाचा वास आला. ज्यूंच्या नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता, खाली सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा रटरटत होता. अमोसनं वायर पकडीत धरली, तोच खालून योनाच्या बायकोचा, जेरुशाचा आवाज आला.

“अजून किती ढवळू रे? आईंच्या फिल्मीत बघ ना.”

“कुठं बघू? दादा रोज सांजचं बंद करतो. आईला जिती कोंडली, आता मेल्यावर पण कोंडतोय.”

अमोसचा हात तिथंच थांबला. शब्द जिव्हारी लागलेच, पण त्यांत ‘दादा’ होतं, आणि ‘रोज सांजचं’ होतं. रोज संध्याकाळी? त्यानं वर बघितलं. फ्रिजवरच्या हबचा एकही दिवा लागलेला नव्हता.

त्यानं हबची विजेची वायर चाचपत नेली. शुक्रवारी घाईत जे सॉकेट रिकामं दिसलं त्यात त्यानं ती खुपसली होती, आणि ते सॉकेट होतं आईच्या शब्बाथच्या घड्याळाचं. शब्बाथला बटणाला हात लावायचा नाही, म्हणून वीज आपोआप देणारं आणि तोडणारं हे घड्याळ भिंतीत लावतात. आई त्यावर जेवण गरम ठेवायची शेगडी चालवायची, सकाळी चालू, संध्याकाळच्या आधी बंद. ती गेली, शेगडी माळ्यावर गेली, घड्याळ काढायचं कुणालाच सुचलं नाही. इतके महिने ते रोज कुणासाठी तरी वीज देत होतं आणि तोडत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

अमोसनं घड्याळ उपसून काढलं आणि हब सरळ भिंतीत जोडला. हिरवे दिवे लुकलुकले.

थोड्या वेळानं खाली जेरुशा ओरडली, “अरे, लागलं बघ!” आणि मग खिडकीतून आईचा आवाज वर आला, करडा, फिल्म काढणाऱ्यावर वैतागलेला, “अमोस, ठेव तो क्यामेरा. ये नि हात लाव जरा.”

तो जिना उतरला. दार ठोठावायच्या आधीच डोळे भरून आले, ते पुसायचं त्याला सुचलं नाही. योनानं दार उघडलं, हातात कालथा. त्यानं अमोसच्या हातातलं घड्याळ बघितलं आणि लगेच ओळखलं.

“आईचं?”

“भिंतीतच राहिलं होतं रे. मी त्यातच तुझी वायर लावली.” अमोसनं घड्याळ पुढं केलं. “मी आईला कोंडलं नव्हतं, योना. आता नाही, तेव्हाही नाही. माझ्यानं तिला सोडवत नव्हतं.”

योनानं घड्याळाच्या चकतीवरून बोट फिरवलं. मग त्यानं ते भावाच्या हातातून घेतलं आणि कालथा त्याच्या हातात दिला.

“चल आत,” तो म्हणाला. “हलवा लागतोय बुडाला.”