धुऱ्यावरची भिरभिर

गयाबाईला एकदा संशय आला, की तो कुठं जाऊन थांबेल याचा नेम नसे. पण त्या कार्तिकात तिला दोष तरी कसा द्यावा? सलग तीन दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, वामनरावांच्या ज्वारीवरून एक ड्रोन भिरभिरत येई, तिच्या चार एकरांच्या चारही धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, सावकाश फिरे आणि आला तसा निघून जाई. कापूस वेचता वेचता ती वर बघून शिव्या घाली. शिव्यांना उत्तर येत नव्हतं, याचा तिला जास्त राग.

"कोणी लग्नाची शूटिंग करून राह्यलं असंन," वामनरावांची बायको बयनाबाई म्हणाली.

"माह्या वावरात कोणाचं लगीन हाय वं?" गयाबाईनं विचारलं.

वामनराव म्हणजे तिचे धुऱ्याशेजारी, आणि त्यांची तिच्याशी सावड होती. त्यांच्याकडं एक बैल, तिच्याकडं एक. दोन्ही मिळून जोडी. औताला त्यांचा बांड्या डावीकडं, तिचा लाल्या उजवीकडं. एका साली आधी त्यांचं वावर, दुसऱ्या साली आधी तिचं. तिचा नवरा उद्धवराव असताना जुळलेली ही सावड, तो जाऊन सहा वर्षं झाली तरी मोडली नव्हती. एकवीस सालं! सख्ख्या भावांचं एवढं जमत नाही. आणि आता हरभरा पेरायचा होता, ओल आठ-दहा दिवसांचीच होती.

गयाबाईनं आदिलाबादला फोटोच्या दुकानात कामाला असलेल्या पोराला, प्रज्वलला, फोन लावला.

"आई, जमीन मोजून राह्यलं कोणीतरी," तो म्हणाला. "मी कवाचा सांगून राह्यलो, वामनकाकावर नजर ठेव. तुह्याच्यानं आता धुरा राखणं होत नाई."

झालं! दोन सालांआधी पुरात धुऱ्यावरचा दगड वाहून गेला होता. तो पुन्हा कुठं रोवायचा ते वामनरावांनीच दाखवलं होतं, आणि तिनं मान डोलावून वर नारळही फोडला होता. आता ती रात्रंदिवस तो दगडच आठवत बसली. हातभर इकडं तर सरकवला नव्हता?

मग तिनं खुशालला गाठलं. खुशाल गावातल्या पिकांवर ड्रोननं फवारणी करायचा. त्यासाठी रीतसर शिकून परवाना आणलेला, त्यामुळं ड्रोनच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"मावशी, साधा नियम हाय," तो म्हणाला. "उडवणाऱ्याले आपल्या डोळ्यानं ड्रोन दिसत राह्यला पाह्यजे. नजरेच्या बाहेर पाठवायले बंदी हाय."

"म्हणजे माह्या वावरावरचा ड्रोन त्याले दिसत असंनच?"

"कायद्यानं तरी तसंच."

एवढं तिला पुरलं. आजूबाजूला सगळीकडं डोक्याएवढा कापूस. त्यात उभ्या माणसाला दूरचं काही दिसेना. वावर सगळं दिसेल अशी उंच जागा एकच, वामनरावांच्या ज्वारीतलं मचान. तिथं ते गोफण घेऊन सकाळपासून पाखरं हाकलत बसत.

दुसऱ्या दिवशी पारावर दहा माणसांसमोर तिनं त्यांना अडवलं.

"वामनभाऊ, मचानावर बसून पाखरं हाकलता का माह्यं वावर मोजता?"

वामनराव आधी हसले. मग तिचं तोंड बघून त्यांचं हसू गेलं.

"वयनी, मले साधा फोन लावता येत नाई. तुमीच तर लावून देता."

"तुमी नसान उडवत, तर कोणी आणून बसवला असंन. दिसल्याबिगर उडवता येत नाई, नियम हाय!"

"चोरून पाह्यणारा नियम कायले पाळंन?"

गयाबाईचा आवाज चढला. बाजू लंगडी पडली की तो चढायचाच, हे गावाला ठाऊक होतं.

"आजपासून सावड मोडली! लाल्या माह्या दारात, बांड्या तुमच्या दारात!"

वामनरावांनी धोतर झटकलं, "बरं" म्हणाले आणि निघून गेले. ते भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पाच दिवस गेले. ड्रोन अधूनमधून येतच होता. सहाव्या दिवशी दुपारी बयनाबाई दारात उभी राहिली आणि पदरातून एक मोडकी वस्तू काढून तिनं उंबऱ्यावर ठेवली. ड्रोनच तो. एक पातं तुटलेलं.

"ह्यायनं गोफणीनं पाडला. म्हणे, वयनीच्या वावरावर फिरून राह्यला होता, नेऊन दे तिले."

"बस ना वं. पाणी तरी घे."

"नाई, काम पडलं हाय," म्हणून ती वळली. अशी पाणी न घेता ती या दारातून कधी गेली नव्हती.

गयाबाई ड्रोन घेऊन तडक खुशालकडं. त्यानं आतलं कार्ड काढून आपल्या फोनला जोडलं. "आता कळंन, मावशी. उडवतानी पयले उडवणाराच दिसते."

आधी गवत दिसलं. मग दोन बूट. मग वाकलेला चेहरा. प्रज्वल.

त्याच्या मागं पैनगंगेचा पूल होता. शेजारी गाडीला टेकून पांढऱ्या शर्टातला कोणी अनोळखी उभा होता आणि त्याच्या हातात वावराच्या मालकीचं सरकारी पासबुक. तिचंच. लक्ष्मीपूजनाला तिनं स्वतः लावलेलं हळदीचं बोट वर तसंच होतं; दिवाळीला येऊन पोरानं ते गुपचूप नेलं होतं.

"मायबाई," ती म्हणाली.

"मावशी, पूल तर तीन किलोमीटर हाय," खुशाल पुटपुटला. "तितून वावर कुठून दिसते? हे तर सारं नियमाच्या बाहेर…"

"गप रे. नियम त्यानं मोडला. सावड म्या मोडली."

तिथूनच तिनं पोराला फोन लावला. "पासबुक घेऊन ये. विकायले अंगठा लागते, अन् तो माह्या हाताले हाय." तो "आई, ऐक तर," म्हणत होता, तेवढ्यात तिनं फोन कापला आणि खुशालच्या ओट्यावरच पदर तोंडाला लावून रडली.

मग घरी जाऊन तिनं लाल्याला सोडलं आणि त्याला घेऊन वामनरावांच्या दारी गेली. ते ओसरीत दोर वळत बसले होते. गोठ्यातला खुंटा रिकामा होता.

"भाऊ, बांड्या कुठं हाय?"

"परवा इच्चोड्याच्या बाजारात देल्ला. एका बैलानं काय पेरू, वयनी? ट्रॅक्टर सांगितला."

"पुलावरून प्रज्वलच उडवून राह्यला होता," ती कशीबशी म्हणाली. "चुकलं माह्यं, भाऊ."

वामनरावांचे हात थांबले. "पुलावरचा कसा दिसंन तुमाले? त्याचं काई नाई," ते म्हणाले. "मी तर एकवीस साल डोळ्यापुढं होतो."

तिच्या हातातला कासरा सुटला. लाल्या सवयीनं आत गेला आणि खुंट्याच्या उजव्या अंगाला उभा राहिला, डावीकडं एका बैलाची जागा सोडून. बयनाबाईनं त्याच्यापुढं पाण्याची बादली आणून ठेवली. गयाबाईला तिनं पाणी विचारलं नाही.